जंक्शनची नऊ पार्सलं

प्रयोगात एक कंट्रोल ठेवावा लागतो, म्हणजे ज्यात काहीही घडणार नाही याची खात्री आहे असा एक नमुना, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलं. कंट्रोलच जिंकला तर काय करायचं, हे मात्र पुढच्या पाच वर्षांत कुणी शिकवलं नाही. सगळं तिथून सुरू झालं.

आम्ही चौघी. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दुसरी वकीलीण. तिला सनद मिळून अजून वर्ष झालेलं नाही, पण बसमध्ये जागा मागतानासुद्धा ती "माझं म्हणणं असं आहे की" अशी सुरुवात करते. तिसरी डेंटिस्ट. ही माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलत नाही, त्याच्या चार बोटं खाली बघून बोलते. चौथी प्रोग्रामर. ही मोजकं बोलते, आणि जे बोलते त्यात एक तरी "जर" असतोच. गेली तीन वर्षं आम्ही दोन दिवस कुठल्यातरी शहरात जाऊन भरपूर धमाल करणार होतो. त्यासाठी मोबाइलवर एक गट होता. त्याचं नाव "उद्या नक्की". त्या गटावर आत्तापर्यंत सात सहली झाल्या होत्या आणि आम्ही घराबाहेर पडलो नव्हतो.

या वेळी मात्र जाणं भाग होतं, कारण मधे बाबा आले होते.

झालं होतं असं की, मला एका संशोधन संस्थेची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती. संस्था लांबच्या शहरात, जिथे आमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथल्या वसतिगृहाच्या अर्जावर पालकाची सही लागत होती आणि अर्ज सोमवारी सकाळी टपालात पडायला हवा होता. बाबांनी तो अर्ज तीन आठवडे टेबलाच्या खणात ठेवला. "बघतो" म्हणाले. बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. त्या खात्यात "बघतो" हा शब्द एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो.

शेवटी मी थेट विचारलं.

"दोन वर्षं एकटी राहीन म्हणतेस," बाबा म्हणाले. "आधी दोन दिवस राहून दाखव. तू आखायचं, तू न्यायचं, आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांना धड घरी आणायचं. मग सहीचं बघू."

"अहो, ती चोवीस वर्षांची आहे," आई म्हणाली.

"चोवीस म्हणजे काय मोठं? आमच्याकडे फायली त्याहून जुन्या होत्या."

तेव्हा ही सहल नव्हती, परीक्षा होती. आणि परीक्षा म्हटली की मी जरा चेकाळते.

पहिला प्रश्न, जायचं कुठे? डेंटिस्टला समुद्र हवा होता. वकिलिणीला मोठा बाजार असलेलं शहर हवं होतं, कारण तिला कोर्टात आवाज न करणारे बूट घ्यायचे होते. प्रोग्रामरला आकाशपाळण्यांची बाग हवी होती. मला तारांगण. यावर "उद्या नक्की"वर एकशे नव्वद निरोप झाले. मग मी शास्त्रीय पद्धत आणली. प्रत्येकीने प्रत्येक शहराला दहापैकी गुण द्यायचे, एकमेकींना न दाखवता, आणि मी सरासरी काढणार. चार शहरांच्या जोडीला मी पाचवं घातलं ते कंट्रोल म्हणून. ते शहर म्हणजे जंक्शन. त्याचं खरं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. तिथे लोक गाडी बदलतात. पुलावरून उतरून दुसऱ्या फलाटावर जायला लागतात ती अकरा मिनिटं, एवढीच आमच्याकडच्या माणसांची त्या शहराशी ओळख.

प्रत्येकीने आपल्या शहराला दहा दिले आणि दुसरीच्या शहराला एक ते चार, म्हणजे पडावं म्हणून. जंक्शनची कुणाला भीतीच नव्हती. थेट गाडी आहे, जवळ आहे, बिचाऱ्याला कशाला कमी द्या, म्हणून सगळ्यांनी सहा-सात देऊन टाकले. समुद्र पावणेपाच, बाजार साडेचार, पाळणे चार, तारांगण सव्वातीन (यावर मी पुढे केव्हातरी सविस्तर बोलणार आहे). जंक्शन साडेसहा.

"मतदान रद्द करा," वकीलीण म्हणाली.

"कोणत्या आधारावर?"

"निकाल जनतेला आवडलेला नाही."

"जर परत मतदान घेतलं," प्रोग्रामर म्हणाली, "तर सगळ्या जंक्शनला शून्य देतील, मग समुद्र येईल. म्हणजे डेंटिस्ट सोडून सगळ्या भांडतील."

अशा रीतीने सर्वांच्या गुणांनी आणि कुणाच्याही इच्छेविना जंक्शन ठरलं.

राहण्यासाठी बाबांच्या खात्याचं विश्रामगृह होतं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळतं, पण अर्ज भरावा लागतो. मी आणि वकीलीण त्यांच्या जुन्या कचेरीत गेलो. अर्जात "प्रवासाचा हेतू" असा रकाना होता. मी लिहिलं, मजा. कारकुनाने कागद लांब धरला, जवळ धरला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मजा हा हेतू नसतो. मजा हा परिणाम असतो. तोही झाला तर."

कारण आणि परिणाम यांतला फरक मला, शास्त्राच्या पदवीधर मुलीला, एका कारकुनाने शिकवावा, आणि तोही बरोबर असावा, याने मला फार लागलं.

"हेतू तीनच आहेत," तो बोटं मोजत म्हणाला. "कार्यालयीन, कौटुंबिक, वैद्यकीय."

"आम्ही एका कुटुंबातल्या नाही."

"चौघींत एक डेंटिस्ट आहे," वकीलीण पुढे झाली.

"दातांची?"

"डेंटिस्ट दातांचीच असते हो."

कारकुनाने थोडा विचार केला. "दात शरीरातच येतात," तो म्हणाला आणि "वैद्यकीय"वर खूण करून शिक्का मारला. मी म्हटलं की हे खोटं आहे. वकीलीण जिन्यात म्हणाली, "डॉक्टर प्रवास करते आहे की नाही? मग? तू उगाच सत्याला जास्त जवळून बघतेस."

मग मी वेळापत्रक केलं. चार पानं, बेचाळीस नोंदी. जंक्शनमध्ये शोधलं तर बरंच काही निघालं. एक तळं, त्यात पायाने चालवायच्या होड्या. एक जुना बाजार, तीन गल्ल्यांचा. एक उंच इमारत, जिच्या गच्चीवर संध्याकाळी गाणारे येतात. प्रत्येक नोंदीपुढे मी चूक-भूलही लिहिली होती, अधिक-उणे पाच मिनिटं, अधिक-उणे सात. बाबांनी ते रात्रीच्या जेवणाआधी पेन्सिल घेऊन वाचलं. परत देताना एवढंच म्हणाले, "नऊ ते दीड कुणी बाथरूमला जाणार नाही का?"

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची एक प्रत इमारतीच्या सूचनाफलकावर लावली. टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी.

"बाबा!"

"काही चुकलं तर इमारतीला माहीत असलेलं बरं."

संध्याकाळपर्यंत मला एक नवं सामाजिक सत्य कळलं. जंक्शनला फिरायला कुणी जात नाही, पण जंक्शनमध्ये प्रत्येकाचं कुणीतरी असतंच. समोरच्या काकू पहिल्यांदा आल्या.

"माझी बहीण असते ना तिथे. तुमच्या त्या होडीच्या तळ्याजवळच. तिला नात झालीय. हे एवढं लोकरीचं दे. वाटेतच आहे."

मग तळमजल्यावरचे शिंपीकाका, त्यांच्या शिंपी भावासाठी धार लावलेली कात्री घेऊन. मग नर्सबाई, सासऱ्यांची दुरुस्त केलेली कवळी घेऊन. "दीड महिना मऊ खाताहेत हो, जपून ने." मग वरच्या मजल्यावरचे मास्तर, आपल्या बुद्धिबळवाल्या मित्रासाठी डावांच्या कोड्यांचं एक जाड पाकीट आणि व्याह्यांसाठी एक डबा घेऊन. सगळ्यांची घरं वाटेतच होती. एखादं शहर इतकं सगळं वाटेत असू शकतं हे भूमितीत बसत नाही. जोडीला सल्ले. काकू म्हणाल्या, खिडकीशी बसू नका. नर्सबाई म्हणाल्या, खिडकी सोडू नका. मास्तरांनी विचारलं की तिथे भाषण वगैरे आहे का.

"पार्सलं नेणार नाही म्हणून सांग त्यांना," वकीलीण फोनवर ओरडली.

पण बाबा दारात उभे राहून ऐकत होते, आणि पार्सल पोचलं की तिकडून कळवायला सांगा म्हणून प्रत्येकाला आपला नंबर देत होते. आणि शेवटी त्यांनी स्वतःही एक पार्सल आणून ठेवलं, दोरीने बांधलेलं, हलकं. "साखळीकाकांना दे." साखळीकाका म्हणजे बाबांचे जुने सहकारी. जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढून ओढून निवृत्त झाले आणि जंक्शनला जाऊन राहिले. आता नाही म्हणणं म्हणजे पेपर कोरा ठेवून उठणं.

आणखी तीन इतर शेजाऱ्यांची धरून अशी नऊ झाली. काहींवर नाव पेन्सिलीने, एकावर नुसतं "ताईला", कात्री उघडी. मी शुक्रवारी संध्याकाळी सगळी एकसारख्या तपकिरी कागदात गुंडाळली आणि यादी केली. एक, काकूंची बहीण. दोन, नर्सबाईंचे सासरे. तीन, शिंपीकाकांचा भाऊ. अशी नऊपर्यंत, साखळीकाका शेवटी. प्रत्येक नावापुढे पत्ता आणि फोन. प्रोग्रामर मदतीला आली होती. मी यादीतलं नाव वाचायची, पार्सल तिच्याकडे सरकवायची, ती आकड्याची चिठ्ठी चिकटवायची. मधेच विश्रामगृहाच्या राखणदाराचा फोन आला, पेशंट चालता आहे की उचलून आणावा लागेल. मी त्याला समजावत राहिले. तोवर प्रोग्रामरने काम संपवलं. तिचं काम कधी चुकत नाही. याची मी लेखी हमी देईन.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही जंक्शनला उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पुलाच्या त्या बाजूला न जाता स्टेशनबाहेर पडलो. डेंटिस्ट म्हणाली, "अरे, इथे माणसं राहतात!" विश्रामगृहात पिशव्या टाकल्या. राखणदाराने चौघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेशंट म्हणून माझी निवड केली. का ते त्याने सांगितलं नाही.

नऊ घरांचा सर्वांत आखूड मार्ग मी कागदावर काढला होता. प्रत्येक घरी बारा मिनिटं. दुपारी दोनला मोकळ्या, मग तळं, बाजार, गच्ची. या गणितात मी एक घटक धरला नव्हता. तो म्हणजे "बसा".

"बसा" याचा अर्थ बसा असा नाही. त्याचा अर्थ चहा, मग बिस्किटं, मग घरातला आजारी माणूस, मग अल्बम. पहिल्या घरी सत्तेचाळीस मिनिटं. काकूंच्या बहिणीने पार्सल रीतीचा मान राखून, न उघडता, कपाटावर ठेवलं. आमच्या समोर उघडणं बरं दिसत नाही म्हणून. जंक्शनच्या घराघरांत हे शिष्टाचार नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"निघतो आम्ही," मी चौथ्यांदा म्हटलं.

"अगं, एवढी काय घाई? चहा तरी!"

"झाला चहा."

"तो मघाचा."

दुसऱ्या घरी नर्सबाईंचे सासरे हिरड्यांनी हसले, पाहुण्यांसमोर दात लावायला लाजले, आणि डेंटिस्ट त्यांच्यापुढे बसली ती उठेना. तिसऱ्या घरी शिंप्याच्या भावाने वकिलिणीच्या कोटाचा खांदा बघून "कुणी शिवला हा?" असं अशा आवाजात विचारलं की ती चौथ्या घरापर्यंत बोलली नाही. आम्ही टॅक्सीतून उतरत होतो, बसमध्ये चढत होतो, जिने चढत होतो, घंटी वाजवत होतो, बसत होतो, उठत होतो. तळं मला दोनदा दिसलं, दोन्ही वेळा डावीकडून, चाळीसच्या वेगाने. प्रोग्रामरने खिडकीतून होड्या मोजल्या. बाजार आठव्या घराच्या गॅलरीतून दिसला. ते घर एका निवृत्त पोस्टमास्तरांचं होतं, आमच्या मास्तरांच्या व्याह्यांचं. त्यांनी पार्सल हातात घेतलं, वजन अजमावलं आणि म्हणाले, "यावर नाव नाही."

"आकडा आहे," मी अभिमानाने म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी न उकळलेल्या पाण्याकडे बघते.

साखळीकाकांकडे पोचायला सहा वाजले. पाय भरून आले होते, पोटात अकरा कप चहा होता. काकांनी दार उघडलं आणि "आली गं आली!" म्हणून मोठ्याने हसले. मी पिशवीत हात घातला. एकच पार्सल उरलं होतं. ते बाहेर काढलं. त्यावर लिहिलं होतं, शून्य.

मी पिशवी उलटी केली. झटकली. नऊ नंबर नव्हता.

"हे शून्य कुठून आलं?"

"पहिलं आहे ते," प्रोग्रामर म्हणाली.

"पहिलं एक असतं!"

"पहिलं शून्य असतं. मोजणं शून्यापासून सुरू होतं. शून्य ते आठ, नऊ पार्सलं. बरोबर आहे."

"कोण मोजतं शून्यापासून?"

"सगळे," ती प्रामाणिकपणे म्हणाली. तिच्या कचेरीत खरंच सगळे मोजत असतील.

माझ्या डोक्यात सगळं एका घराने सरकलं. एक नंबरच्या घरी दोन नंबरचं, दोनच्या घरी तीनचं, असं ओळीने आठपर्यंत. म्हणजे त्या क्षणी तान्ह्या नातीच्या घरी कपाटावर कवळी होती. दीड महिना मऊ खाणाऱ्या आजोबांच्या हातात शिंप्याची कात्री. शिंप्याकडे बुद्धिबळ. आणि काकूंचं लोकरीचं टोपडं इथे, माझ्या मांडीवर.

मी काकांच्या पायरीवर बसले. कोणी "बसा" म्हटलं नव्हतं. मला एकच दिसत होतं, टेबलाचा खण. दोन दिवस, नऊ पार्सलं, आणि नऊच्या नऊ चुकली. खुद्द मी चाचणी घेत असते तर असा नमुना नापास केला असता आणि बाटली फेकून दिली असती.

"चूक कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवू," वकीलीण म्हणाली.

"का?"

"कारण उत्तर दोघींचं आहे, आणि आपल्याला परत एकाच गाडीने जायचंय."

तेवढ्यात फोन वाजला. पोस्टमास्तर.

"मी पस्तीस वर्षांत दुसऱ्याचं टपाल उघडलं नाही," ते म्हणाले. "पण हे मला दिलं होतं म्हणून मी उघडलं. आत जुनं वर्तमानपत्र आहे. आणि एक चिठ्ठी. वाचू?"

"वाचा."

त्यांनी सरकारी आवाजात वाचलं. "पार्सल निमित्तमात्र आहे. मुलगी येईल. दमलेली दिसते का, नीट खाते का, हसते का, एवढं बघून मला फोन कर. तिला कळू देऊ नको. खाली नंबर आहे."

आठव्या घरी नववं पार्सल गेलं होतं, म्हणजे बाबांचं.

"चिठ्ठीतल्या सूचनेप्रमाणे," पोस्टमास्तर पुढे म्हणाले, "मी फोन केला. दमलेली आहे म्हणून सांगितलं. हसत नव्हती हेही. आणि पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं आहे, अशी तक्रार नोंदवली."

म्हणजे झालं. मला राग आला. नऊ घरं म्हणजे नऊ मोजमापाची ठिकाणं होती आणि मोजली जात होते मी. बाबांनी विश्वास ठेवला नव्हता, वर्तमानपत्र ठेवलं होतं. साखळीकाका बाजूला येऊन बसले.

"मलाही सकाळी फोन होता," ते म्हणाले. "आणि दुपारी. आणि मघाशी. त्याला म्हटलं, अरे पोरगी येऊ तर दे."

"काका, ते सही करणार नाहीत."

"ते मला नाही माहीत. पण दुसऱ्याच्या बांधावर खुंटी पडली तर आम्ही रडत नसू. उपटायची आणि जागेवर ठोकायची."

पोस्टमास्तर अजून फोनवरच होते. "बाई, तुमची मूळ चूक आकड्याची नाही," ते म्हणाले. "तुम्ही वर्गवारी न करता घरोघर वाटप सुरू केलंत. टपाल आधी एका जागी येतं. गाडी किती वाजता?"

"उद्या चार दहा."

"फलाट?"

"तीन."

"तीन वाजता सगळ्यांना फलाट तीनवर बोलवा. जो तो आपल्याला आलेलं घेऊन येईल. मी असेन."

रविवारची सकाळ मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात यादी घेऊन फोन करण्यात घालवली. सात फोन, सात वेळा तीच कबुली. माफी मागण्याचा सराव होतो हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या फोनपासून मी ती बरी मागू लागले. राखणदार मागे उभा राहून मान हलवत होता. "चालतं फिरतं पेशंटच जास्त त्रासाचं," तो म्हणाला. बाबांना दोनदा नंबर फिरवला आणि दोनदा वाजायच्या आत बंद केला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पोस्टमास्तर फलाटावरच्या बाकाचा ताबा घेऊन बसले होते, गळ्यात चष्मा, हातात माझी यादी. आणि मग जंक्शन आलं. घरटी दोन-तीन माणसं, शिवाय शेजारी, कारण काय प्रकार आहे ते बघायचं होतं. काकूंची बहीण कवळीचा डबा हात लांब करून, जणू आतलं चावेल, असा घेऊन आली. कडेवर नात.

"अगं, मी पाळण्याशेजारी उघडलं की गं हे! माझ्या सुनेने किंकाळी फोडली."

"पुढचा!" पोस्टमास्तर ओरडले. "कात्री कुणाकडे?"

कात्री नर्सबाईंच्या सासऱ्यांकडे होती. ते काहीतरी रागाने बोलले, पण दातांविना राग नुसता वारा होऊन बाहेर पडतो. शिंप्याचा भाऊ बुद्धिबळाचं पाकीट सोडायला तयार नव्हता. आतलं एक कोडं त्याने रात्रभर सोडवलं होतं आणि उत्तर चूक आहे असं त्याचं म्हणणं होतं. बुद्धिबळवाले मित्र म्हणाले, "शिंप्याला काय कळतं?" त्यावर तिथेच वजनकाट्यावर पट मांडला गेला. कुणीतरी चहा सांगितला. गाडी बदलायला आलेली माणसं पूल चढायची थांबली. डेंटिस्टने आजोबांना बाकावर बसवून कवळी लावली, तर उजवीकडे लागत होती. तिने पर्समधून नखांची कानस काढली आणि चक्क घासायला बसली.

"उघडा. मिटा. लागतंय?"

"थोर्ड."

"थोडं म्हणायचंय का? परत उघडा."

वकीलीण शिंप्याच्या भावासमोर कोट काढून उभी होती आणि तो टाके उसवत होता. प्रोग्रामर नातीला आकडे शिकवत होती. कुठून सुरू केले हे मी विचारलं नाही. मी पार्सलं घेत होते, देत होते, यादीवर खुणा करत होते, आणि एका क्षणी माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने हसते आहे. घड्याळात तीन एकोणचाळीस झाले होते.

शेवटी साखळीकाकांना त्यांचं वर्तमानपत्र मिळालं. त्यांनी पोच म्हणून सहीसुद्धा केली. पोस्टमास्तरांना ती हवी होती.

गाडी आली. आम्ही तिघी चढलो. डेंटिस्ट बाकापाशीच.

"अजून एक मिनिट! वरचं लागतंय!"

गार्डने शिट्टी दिली. गाडी हलली. आणि आजोबांनी कवळी घट्ट मिटून, दीड महिन्यातला पहिला स्पष्ट शब्द उच्चारला, "पळ!"

ती पळाली. मी दारातून हात दिला, वकिलिणीने माझा पट्टा धरला, प्रोग्रामरने वकिलिणीचा उसवलेला कोट. डेंटिस्ट आत आली. कोटाची बाही प्रोग्रामरच्या हातात राहिली.

घरी पोचले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. पुढ्यात कागद. आई दाराला टेकून, हाताने मला बस अशी खूण करत होती. मी उभी राहिले.

"नऊ फोन आले," बाबा म्हणाले आणि कागद वाचू लागले. "एक, मुलगी गोड आहे, पण दात देऊन गेली. दोन, काही कळलं नाही. तीन, तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचा कोट वाईट आहे. पाच, चहा घेतला. सहा, चहा घेतला. आठ, लेखी तक्रार येईल. मग आज साडेचारला परत आठ. तक्रार मागे." त्यांनी कागद खाली ठेवला. "नेमकं काय झालं?"

मी सांगितलं. शून्य, एक, फलाट, सगळं. माझी चूक माझी म्हणून सांगितली. यादी केल्यावर चिठ्ठ्या मी ताडून पाहायला हव्या होत्या. गाडी जवळजवळ चुकली होती हेही. मग म्हटलं, "आणि तुमची चिठ्ठी मला वाचून दाखवली."

बाबांनी पेन्सिल उचलून परत ठेवली. आई आत गेली नाही, आणि आत जाण्यासारखं काही कामही नव्हतं.

"राग आला?"

"हो."

"साखळीच्या पायरीवर बसलीस म्हणे. भीती वाटली होती?"

मला अचूक सांगायची सवय आहे. "साधारण चाळीस मिनिटं."

"मला दोन दिवस," बाबा म्हणाले.

ते इतक्या साधेपणाने म्हणाले की माझं पुढचं भाषण, जे मी गाडीत पाठ केलं होतं आणि ज्यात तीन मुद्दे होते, ते तिथेच संपलं.

"भीती कमी होत जाते का, ते बघायचं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी जरा कमी होती. म्हणजे दुपारी. चारनंतर परत वाढली."

मग त्यांनी खण ओढला आणि अर्ज काढला. चष्मा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तो शोधायला ते थांबलेही नाहीत, बहुधा थांबले तर सहीच राहील म्हणून. कागद लांब धरला, अंदाजाने जागा पाहिली, आणि पेन इतकं दाबून सही केली की खालच्या टेबलावर ती उमटली. पूर्ण नाव, खाली दुहेरी रेघ.

सही "केवळ कार्यालयीन उपयोगासाठी" या चौकटीच्या बरोबर मध्यभागी होती. पालकाची जागा वर रिकामी.

आईने पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. चूक दिसली की ती दाखवायचीच, यापायी मी आजवर कितीतरी माणसं गमावली आहेत.

"बरोबर झाली ना?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि शाई वाळायच्या आत कागद पाकिटात घातला.